डोळे नसलेली कोळंबी

आई, आज तुला अशी एक कोळंबी सांगणार आहे की हातातलं काम टाकून ऐकत बसशील. तिच्या मागून एक गोष्ट कबूलही करायची आहे. तू जाऊन अकरा वर्षं झाली, त्याच्याही आधीपासून ती माझ्या पोटात आहे. पण आधी कोळंबी, नाहीतर मला चैन पडायची नाही.

माझं काम तुला माहीतच होतं. समुद्रातून आणलेले जीव निवडायचे, मोजायचे, बाटल्यांत भरायचे. "आमची पोर मेलेली मासळी बाटलीत भरते, नि तिला त्याचा पगार मिलतो," असं तू बोर्लीच्या बाजारात उभ्या उभ्या सांगायचीस. तर या खेपेला मला थेट जहाजावर नेलं. हिंदी महासागरात, जिथे कित्येक दिवस जमीन दिसत नाही तिथे. खाली अडीच किलोमीटरवर तळाला भेगा आहेत आणि त्यांतून रटरटतं पाणी काळ्या धुरासारखं वर येतं. ऊन तिथे कधीच पोचलेलं नाही. आम्ही दिवे लावलेलं यंत्र खाली सोडलं, पडद्यावर चित्र आलं आणि मी ओरडलेच. कोळंबी! त्या धुराला खेटून, एकीवर एक, इतकी की खालचा खडक दिसेना. आपल्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये भरतीच्या दिवशी ओतायचे तेवढी, आणि तीही जिवंत, वळवळणारी. शेजारी मोठमोठी शिकलेली माणसं बसली होती आणि मी लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होते.

यंत्राने नळीने ओढून थोडी वर आणली. सडक्या अंड्यांचा वास! तू नाक मुरडून पहिल्यांदा विचारलं असतंस, "कालवनात चालंल का गो?" नाही चालणार. ट्रे माझ्यासमोर आला, मी शेजारणीशी बोलत बोलत पहिली उचलली आणि काय झालं ते मलाही कळलं नाही. कट्‌. मुंडी एका हातात, धड दुसऱ्या हातात. अंगठा सालीत शिरलासुद्धा होता. आमच्या मुख्य शास्त्रज्ञ बाई केवढ्याने ओरडल्या! "अगं, हिचं सगळं डोक्यातच असतं!" आणि खरंच की. ही कोळंबी डोक्याच्या कवचाखाली बारीक जंतू वाढवते आणि त्यांच्यावरच जगते. भातशेतीवाल्यांच्या घरातली मी, डोक्यात शेती करणाऱ्या प्राण्याचं शेतच मोडून ठेवलं. मला वाटलं, आता टेबलावरून उठवतात. पण बाईंनी तुटलेली मुंडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "न बघता केलंस हे? कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "आईकडे. आगरदांड्याच्या शेडमध्ये कोळंबी सोलायची ती." त्यावर त्यांनी उरलेला ट्रे माझ्याकडेच सरकवला. "मग आतलं काही न फाटता कवच उघडून दाखव." दाखवलं, आई. सगळीच्या सगळी. एकही फाटली नाही.

आता खरी गंमत ऐक. हिला डोळे नाहीत. लहान असते तेव्हा असतात, वरच्या पाण्यात हिंडते तोवर. मोठी होऊन त्या काळोखात कामाला लागली की ते जातात. मात्र पाठीवर, पारदर्शक कवचाखाली एक पट्टा तयार होतो आणि त्याला अगदी अंधुक उजेड कळतो. तापलेल्या पाण्याला आपल्याला दिसत नाही इतकी मंद लाली असते म्हणे, तीच तिला जाणवत असावी. भाजणार नाही इतकी लांब आणि उपाशी मरणार नाही इतकी जवळ, अशी ती बरोब्बर उभी राहते. बाई हे सांगत होत्या, सगळे वहीत लिहून घेत होते आणि मला फक्त तुझी बोटं दिसत होती.

साखरेने तुझी नजर गेली तरी तू शेडमध्ये जातच होतीस. भिंतीला हात लावत जायचीस, तुझ्या पाटावर बसायचीस आणि डोळेवाल्या बायांच्या आधी तुझी टोपली भरायची. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा एका ओढीत काढायचीस. मी सुट्टीला आले की भांडायचे, तू पडशील, बोट कापशील. "डोलं कशाला लागतान गो? बोटांना समजतं सगला," म्हणायचीस. मला ते पटायचं नाही. आंधळी बाई म्हणजे सांभाळायची बाई, एवढंच मला कळत होतं. मग एका पावसाळ्यानंतर शेडमधून तुला बोलावणं येईनासं झालं. तू पहाटे लुगडं नेसून ओटीवर बसून राहायचीस. सात महिने बसलीस, मग अंथरूण धरलंस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. शेडवालीने तुला काढलं नव्हतं. मी तिच्या घरी जाऊन हात जोडून सांगितलं होतं की आईला काम देऊ नका. ती बिचारी नको म्हणत होती. "तिच्यासारखा हात न्हाय माझ्याकडं," म्हणाली. मीच ऐकलं नाही. तू रोज तिच्या नावाने बोटं मोडायचीस आणि मी घरी आले की शेजारी बसून तुला चहा द्यायचे. एकदा तुला बरं वाटावं म्हणून मीही तिला एक शिवी घातली होती.