एकाच हाकेला

वारूळवाडी, आषाढ, २००४

प्रिय आदेश,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीनं. खुशाली विचारणार नाही, इतका मी चिडलोय.

गेल्या रविवारी भीमाशंकरच्या दरीत पुण्याची दोन पोरं अडकली. आपल्या बचाव पथकाकडं दोर होता, माणसं होती, दोरावरून उतरणारा तू नव्हतास. मग हनुमंत उतरला. पोरं वर आली, पण त्याचा खांदा निखळला. त्याच्या बायकोनं, रत्नानं, मला सगळ्यांदेखत झापलं, “तुमचा आदेशभाऊ पुण्यात पंख्याखाली बसणार, अन् आमच्या माणसानं जीव घालवायचा व्हय?”

गेल्या श्रावणात माझी प्रयागआत्या दर्शनाहून येताना धुक्यात वाट चुकली. मी कड्याच्या अंगाला शोधत होतो, तू ओढ्याच्या. पथकाच्या शिबिरात शिकवलं तसा तू जागोजाग एकेक हाक देत, कानोसा घेत पुढं गेलास. सकाळी ती मला तुझ्याच वाटेलगत करवंदीच्या जाळीत सापडली. म्हणाली, “आदेशची हाक आली व्हती रे. पर एकच. रानात एका हाकेला ओ कशी देऊ?” जीप नारायणगावला पोचेपर्यंत ती गेली.

अरे, रानात भूत ओळखीच्या आवाजात हाक मारतं, पण तिसरी हाक मारत नाही, म्हणून तिसरीलाच ओ द्यायची, हे तिनंच आपल्या दोघांना ओट्यावर बसवून शिकवलं होतं. शिबिरात गेलास आणि तेवढंच विसरलास. आत्या माझी, राग येणारच. पण तो मी तेराव्यालाच गिळला. आताचा राग निराळा आहे. पथकाची शिट्टी माझ्या ओसरीवर टाकून तू न सांगता पुण्याला पळालास. माणूस माझं गेलं आणि तोंड तू लपवतोस, हा कुठला न्याय? तुला माफ करायलासुद्धा तू जागेवर सापडत नाहीस.

आम्ही आता प्रत्येक वळणावर तीन हाका देतो. परवा लंकाबाई नावाची म्हातारी गुरांमागं जाऊन चुकली होती. तिनं तिसरीलाच ओ दिली. ती ऐकायला तू हवा होतास. तुझी शिट्टी खुंटीला आहे, मी कुणाला हात लावू देत नाही.

श्रावण तोंडावर आलाय, धुकं उतरायला लागलंय. दिवाळीत तुला पत्र टाकलं, तू गप्प. होळीला टाकलं, तरी गप्प. बरोबरच आहे म्हणा, तूही आत्याच्याच हाताखाली वाढलेला. हे तिसरं आहे. आता तरी ओ दे.

तुझाच, अजूनही चिडलेला,
गोरख