गरम पोंगलची पिशवी

चिठ्ठी चुलीपाशी ठेवतेय, पापनाशमहून आलात की आधी इथंच याल. बाळबोधीत लिहिलीय, म्हणजे जननीच्या हाती लागली तरी तिला वाचता येणार नाही; तिला तमिळच अक्षरं येतात.

सकाळी दुकानात तिनं गरम पोंगल प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं. गिऱ्हाइकाला देताना पिशवी बुडाशी फाटली आणि सगळं तिच्या पायावर पडलं. पाऊल भाजलंय, डॉक्टर म्हणतात भरून येईल. इस्पितळात तिच्यापाशी शेजारच्या श्रीविद्या बसल्यात, मी कपडे न्यायला आलेय. चार वाजता एसटीडी बूथवरून दुकानात फोन करीन.

पिशव्या आता काढू नका. केळीची पानं पुसून ठेवलीत, संध्याकाळची पार्सलं त्यांतच बांधा. सांबारासाठी लोकांना भांडं आणायला सांगा. पान आधी विस्तवावर धरा आणि मऊ पडलं की मगच दुमडा.

मामंजी गेल्यावर तुम्ही बांधलेली पानं फाटायची ती यामुळेच. तुम्ही पान तसंच दुमडत होता. मी पाहत होते, बोलले नाही. रोज पहाटे शंभर पानं पुसून जीव विटला होता, पिशव्या आल्या तर सुटेन असं वाटलं. पान चालत नाही म्हणालात, तेव्हा मीही मान डोलावली.

जननी सारखी विचारतेय, "अम्मा, मीच नीट बांधली नव्हती का?" तुम्हालाही विचारील. तिचं काही चुकलं नाही, एवढंच सांगा. बाकीचं मी सांगेन.

हरिता