या वेळी माइक चालू आहे

मु. नवापूर

सारंगखेड्याचे घोडीवाले राजश्री चिंधाभाऊ यांना शाळेच्या बाकावरचा त्यांच्या शेजारच्या युसुफ व्हिडिओवाल्याचा सलाम.

तुझा गुडघा कसा आहे? जत्रेतून आणलेली घोडी आता तरी तुला अंगाला हात लावू देते का? गंगीवहिनींची लगीनघाई ऐन भरात असेल. इकडं आयशा बरी आहे, आणि मला सोडून घरातल्या सगळ्यांवर खूश आहे. त्याचं कारण सांगतो, बैस. (गुडघ्याला सोसेल असा बैस.)

इथून वर डोंगरात एक चर्च आहे, तिथं मिशनच्या काळातला पियानो आहे. त्या गावची ग्रेसी व्हायोलिन वाजवते नि तिचा भाऊ हेमराज पियानो. सिनेमाचं नव्हे, पाश्चात्त्य शास्त्रीय. पुढ्यात कागद ठेवून वाजवायचं, आणि मध्ये कोणी वाहवा म्हणायचं नाही (तुला जमणार नाही). एक संगीतमंडळ इंटरनेटवर मैफली दाखवतं, त्यांनी या दोघांना निवडलंय. पण अट अशी की चित्रीकरण सलग हवं, कुठं कापाकापी नको, आणि ते येत्या रविवारपर्यंत पोचलं पाहिजे, नाही तर जागा दुसऱ्याला. पियानो मिळतो फक्त रविवारी, प्रार्थना संपल्यावर. ग्रेसी दुकानात आली तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, ताई, अर्ध्या जिल्ह्याची लग्नं माझ्या कॅमेऱ्यातून गेलीत, तिथं दोन माणसं म्हणजे काय!

पहिल्या रविवारी मी जीव ओतला. ग्रेसीचा हात, हेमराजची बोटं, खिडकीतून येणारं ऊन, सगळं टिपलं. (सवयीनं पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचे चेहरेही घेतले. आहेर करणारा व्हिडिओत दिसला नाही तर काय होतं, तुला ठाऊक आहे.) घरी येऊन लावलं तर सगळं मुकं. चिंधा, आमच्या धंद्यात माइक बंदच असतो! मांडवातला डीजे, भांडणं, पोरांची रडारड कोण ऐकणार? आम्ही वरून गाणं टाकतो. मी व्हायोलिन-पियानोची मैफल काढली, आणि तिच्यात व्हायोलिनही नाही नि पियानोही नाही. आयशा म्हणाली, मग टाका की वरून एखादं गाणं. तेव्हापासून आमचं बोलणं बेताचंच आहे.

मी नवा माइक आणला. दुसऱ्या रविवारी तो चालू आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहिलं. दोघांनी असं वाजवलं की बाहेर पायरीवर बसलेली भिकुबाई आपल्या शेळ्या विसरली. घरी ऐकलं तर आवाज लख्ख: व्हायोलिनचा, पियानोचा आणि माझा. "मान वर... थोडं हसा... नवरदेव, नवरीकडं बघा... हां, अस्सं!" (सख्खी भावंडं आहेत ती!) तेही अगदी हळव्या जागी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी शपथेवर सांगितलं असतं की मी गप्प होतो. इतकी वर्षं असाच बडबडत आलो असणार, पण माइक बंद, मग मला कळणार कसं? ग्रेसीला ऐकवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं व्हायोलिन पेटीत ठेवलं नि म्हणाली, "युसुफभाई, एवढं वर चढून यायला दुसरं कोणी तयार नाही. आता एकच रविवार उरलाय." मला फार लाज वाटली. तिथंच ठरवलं: तोंडाला रुमाल बांधीन, जीप बंद पडली तर सामान डोक्यावर घेऊन घाट चढीन, वीज गेली तर बॅटरीवर चालवीन, पण ही फिल्म वेळेत पोचवीनच.

वहिनींना नमस्कार. तुझ्या आईला, तुळशीमावशींना, सांग की युसुफ पाया पडतो.

तुझा,
युसुफ

ता. क. : हा रविवार म्हणजे तुझ्या पोराच्या हळदीचा, हे तू एव्हाना ओळखलं असशील. मी येत नाही. धाकटा भाऊ तौहिद येईल. सोमवारी लग्नाला मी हजर. वहिनी मागं म्हणाल्या होत्या, "भाऊ, तू नही उना ते मी फोटोमा हासाव नही." त्यांना सांग, तौहिदसुद्धा 'हसा' म्हणतो, माझ्यापेक्षा मोठ्यानं.

ता. क. २ : संतापण्याआधी एक आठव. नवा माइक मी मधल्या बुधवारी तुमच्या साखरपुड्यात चालवून पाहिला होता, पण ते सगळं ऐकलं मात्र काल. पंगतीमागं उभं राहून तू व्याह्यांच्या मिशीबद्दल नि दानतीबद्दल जे बोललास, ते स्वच्छ आलंय. माझ्याकडं सुखरूप आहे. तू समजूतदार आहेसच.

ता. क. ३ : त्यातच पुढं, भांड्यांच्या आदळआपटीत, तुळशीमावशी एकट्याच हळदीचं गाणं म्हणताहेत. अगदी हळू, दोनच ओळी. आईचा आवाज गेला, असं तूच सांगत होतास ना? मी त्या दोन ओळी किती वेळा ऐकल्या, नि मला रडू आलं. रविवारी मावशींना पाटाजवळ बसव. तौहिदला बजावलंय, माइक बंद करायचा नाही नि वरून काही टाकायचं नाही. तू फक्त त्यांचं गाणं होईपर्यंत डीजे थांबव.