डोळ्यांना पेन्सिल लावायची नाही

दि. ३ जून

ती. आत्यास,
ठकूचा सा. न. वि. वि.

फोन केला की तुला ऐकू येत नाही आणि भेटायला यावं तर तुला वेळ नसतो, म्हणून पत्र. क्षेमकुशल शेवटी लिहीन, आधी काम. म्हणजे गोड बोलून काम साधते असं तुला म्हणायला नको.

आमच्या फोटोग्राफीच्या कोर्सचं हे शेवटचं वर्ष. माणसांच्या फोटोंचा एक प्रकल्प करायचाय: बारा चेहरे, सोबत वीस पानांचं टिपण आणि डिसेंबरात प्रदर्शन. त्यात निभावलं तर ठीक, नाहीतर बाबांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणूनच ठेवलाय. तोही टेबलावर अशा जागी, की येता-जाता माझ्या डोळ्यांत खुपावा.

प्रकल्पाचं नाव ‘इस्त्री केलेले चेहरे’. जुन्या स्टुडिओंनी निगेटिव्हवर पेन्सिली घासघासून हाडामांसाच्या माणसांच्या कशा बाहुल्या केल्या, हा विषय. तू रागावशील, पण तुझ्या वेळचे रिटचर म्हणजे चेहऱ्यांचे परीट. सुरकुती दिसली की पूस, तीळ दिसला की पूस. आमचे सर म्हणतात की रिटचिंग म्हणजे सभ्यपणे केलेली फसवणूक.

तर बैठकीतला आजीचा फोटो मी प्रदर्शनात मधोमध लावणार आहे. घराच्या पायऱ्यांवर उन्हात काढलेल्या ग्रुप फोटोतून तूच तो मोठा करून दिलास, असं बाबा सांगतात. त्यात काय काय पुसलंस ते खरं खरं लिहून पाठव. आणि त्याच्या शेजारी मला तुझा फोटो हवाय, पेन्सिल न लागलेला. सगळे अल्बम उपसले तेव्हा कळलं की तुझा एकही फोटो आपल्या घरात नाही. तू कायम कॅमेऱ्यामागे, नाहीतर स्वयंपाकघरात.

बाबा बरे आहेत. कामावर निघताना आजीच्या फोटोला येतो म्हणून सांगून जातात, ते चालूच आहे. कळावे, रागावलीस तरी थोडा लोभ शिल्लक ठेवावा.

तुझी,
ठकू


दि. १२ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर पाहून वाटलं डॉक्टरची चिठ्ठी आली. वाचल्यावर वाटलं, तीच आली असती तर बरं.

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. फसवणूक म्हणे! आमच्याकडे येणारा माणूस आयुष्यात एकदा फोटो काढायचा. नेमकी त्याच दिवशी गालावर फोड आली, तर ती फोड त्याच्या पतवंडांनी बघायची का? फोड आठ दिवसांची, फोटो शंभर वर्षांचा. एवढा साधा हिशेब वीस पानांत बसत नसेल तर एकविसावं पान घे.

पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायला शिकण्यातच माझे चार महिने गेले. पुढे एकतीस वर्षं स्टुडिओच्या खिडकीपाशी बसून मान मोडून घेतली. मालकांचा नियम एकच: डोळ्यांना पेन्सिल लावायची नाही. बाकी चेहरा आपल्या हातात, डोळे ज्याचे त्याला, असं म्हणायचे. तुझ्या सरांनी इतकी पुस्तकं वाचली, त्यात एवढं वाक्य कुठे सापडलं का? पुस्तकातून फोटो शिकवायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. आधी दहा माणसं समोर बसव, त्यांच्या माना सरळ कर, मग मला परीट म्हण.

आजीचा फोटो आहे तिथेच राहील. खिळ्यावरून उतरवलास तर मला आत्या म्हणू नकोस. आणि माझा फोटो काढायचं खूळ डोक्यातून काढ. कळावे. पत्र पाठवत जा, टिपण पाठवू नकोस.

तुझी,
आत्या


दि. ५ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

दहा नाही, चौदा माणसं बसवली. पहिली सात मातीत गेली. शिंपीकाका श्वास रोखून बसले आणि फोटोत नुकते विहिरीतून काढल्यासारखे दिसले. घड्याळजींनी पाचही वेळा डोळे मिटले. मान सरळ करायला तत्त्वज्ञान चालत नाही, हनुवटीला बोटच लावावं लागतं, हे तुझं खरं निघालं. लगेच फुगू नकोस.

तुझ्या जुन्या स्टुडिओत आता एक चांभारदादा चपला शिवतात. उत्तरेची मोठी खिडकी तशीच आहे: सहा काचा, त्यातल्या वरच्या कोपऱ्यातल्या काचेच्या जागी पत्रा. त्यांच्या वडिलांनी जागा घेतली त्याच्याही आधीचा तो पत्रा, असं ते म्हणाले. त्यांनाच त्या खिडकीसमोर बसवलं आणि मला पहिल्यांदा चेहरा जमला.

आता नीट वाच. सरांनी एक गोष्ट शिकवली. माणसाच्या डोळ्यात उजेडाचा जो ठिपका दिसतो, ते समोरच्या उजेडाचं लहानसं चित्र असतं. चांभारदादांच्या डोळ्यात भिंगातून ती खिडकी दिसते. पाच काचा उजळ, एक काळी.

घरी येऊन मी आजीच्या फोटोला भिंग लावलं. उतरवला नाही, खुर्चीवर चढले. पायऱ्यांवरच्या उन्हातला फोटो, म्हणजे डोळ्यांत आकाश हवं. आजीच्या डोळ्यांत खिडकी आहे. पाच काचा उजळ, एक काळी.

आजी गेली तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते, तू अठराची. ती गेल्यावर घर चालवायला तू स्टुडिओत लागलीस आणि आजीचा जन्मात तो पायऱ्यांवरचा एकच फोटो निघाला, ही गोष्ट बाबांनी मला शंभरदा ऐकवलीय. म्हणजे आजी त्या खिडकीसमोर कधी बसलीच नाही. मग कोण बसलं होतं, आत्या? आमच्याकडे आलीस की त्या फोटोखालच्या खुर्चीत तू कधी बसत नाहीस. तिथे वारा लागतो म्हणतेस. तिथे ना खिडकी, ना पंखा.

पन्नास वर्षं माझे बाबा तुझ्या तोंडाला आई म्हणून निरोप सांगतायत आणि तू वर मला फोडा-फुटकुळ्यांचा हिशेब शिकवतेस! किळस आली मला. मी तो फोटो लावणार आणि खाली सगळं लिहिणार. बाबा पहिल्याच दिवशी यायचेत. तुझं काही म्हणणं असेल तर कळव. लोभाचं काय करायचं ते तूच ठरव.

ठकू


दि. ११ ऑगस्ट

चि. ठकूस आशीर्वाद.

चला, सरांच्या पोतडीतून एक तरी दाणा निघाला. हो, मीच बसले होते. आईसारखा भांग पाडून, तिची शाल घेऊन.

ग्रुप फोटो खरंच होता. अकरा माणसं. मालकांनी एक, दोन, तीन म्हटलं आणि ऐन क्षणी तुझा बाप पायरीवरून घसरला. आई त्याच्याकडे वळली. बाकी नऊ चेहरे लख्ख उठले आणि आईच्या जागी नुसता धूर. त्याची प्रत घरी आलीच नाही. आईचा दुसरा फोटो नाही. पुढच्या वर्षी ती गेली, आणि सहा-सात महिन्यांत तो तिचा चेहरा विसरला. एवढंसं पोर, विसरणारच. पण आपण वाईट मुलगा आहोत म्हणून विसरलो, असं त्यानं मनात घेतलं आणि जेवण सोडलं. त्याला काय दाखवायचं होतं? तो धूर? आणि कुणामुळे झाला हेही सांगायचं होतं?

मालकांनी फक्त बटण दाबलं. पुढचं सगळं माझं. पेन्सिलीनं निगेटिव्हवर सुरकुती भरली की ती फोटोतून जाते, हे तू टिपणात लिहिलंच असशील. मला तर सुरकुत्या हव्या होत्या. त्या मी सुरीच्या टोकानं निगेटिव्ह खरवडून एकेक घातल्या, एकोणीस दुपारी. पेन्सिल लावली ती एकाच जागी. माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात जन्मापासून जी तुच्छता बसलीय, आणि जी बापाला वगळून थेट तुझ्यात उतरलीय, ती पुसली. आईनं कुणाकडे कधी तसं पाहिलं नाही. डोळ्यांना हात लावला नाही. नियम म्हणजे नियम. त्या नियमानंच मला पकडून दिलं, हसायचं असेल तर हास.

फोटो दिला त्या दिवशी तुझा बाप तो मांडीवर घेऊन जेवला. मी माफीबिफी मागणार नाही.

बापाला सांगायचंच असेल तर भिंतीवर चिठ्ठी डकवून सांगू नकोस. घरी समोर बसून सांग आणि त्याचा चेहरा कसा उतरतो ते बघ. वाटलं तर त्याचाही फोटो काढ, तुझ्या प्रकल्पाला शोभेल. तेवढी छाती नसेल तर तो फोटो खिळ्यावर राहू दे, त्याच्या बदल्यात मी बसते. त्याच खिडकीसमोर. पेन्सिल नाही, सुरी नाही. पंचवीस तारखेला सकाळच्या गाडीनं येते, दुपारच्या गाडीनं परत. बापाला कळवू नकोस. कळावे.

तुझी (तूर्त),
आत्या


दि. १४ डिसेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

प्रदर्शन झालं. आजीचा फोटो घरीच आहे, तुझा मधोमध लावला. प्रकल्पाचं नाव बदललं, परीट आणि इस्त्री खोडून टाकले. सरांनी बासष्ट मार्क दिले आणि टिपणात सिद्धांत तोकडा पडला म्हणाले. तरी पास आहे. बाबांनी बँकेचा फॉर्म टेबलावरून उचलला आणि खालच्या खणात ठेवला. फाडला नाही.

त्या दिवशी तू खुर्चीत बसल्या बसल्या माझा कॅमेरा, माझा स्टँड, माझे बूट, सगळ्यांची लाज काढलीस. तो फोटो त्याच वेळी निघालाय. ओठाचा कोपरा जसाच्या तसा आहे.

पुढचं लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. बाबा तुझ्या फोटोसमोर इतका वेळ उभे राहिले की मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. मग म्हणाले की फोटो झकास आलाय, जगाला कवडीची किंमत न देणारी ताई हीच. पण गंमत बघ म्हणाले, हिच्यात आईचं काही म्हणजे काही उतरलं नाही. आईच्या तोंडावर किती माया होती, ताई कुणावर गेली कोण जाणे. हे त्यांनी सरांनाही सांगितलं आणि दाराशी बसलेल्या शिपायालाही.

मी त्यांना पुढच्या फोटोकडे नेलं. घरी आल्यावर त्यांनी आजीच्या फोटोला सांगितलं की नात पास झाली, तू असायला हवी होतीस. मी आत जाऊन रडले. मी तुला जे जे लिहिलं त्याची लाज वाटते. लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
ठकू


दि. २० डिसेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

बासष्ट मार्क! उरलेले अडतीस त्या माणसानं घरी नेऊन काय केले ते विचार.

तुझा बाप ठार आंधळा. पन्नास वर्षं रोज बघतो आणि ओळखत नाही. म्हणजे काम चोख झालं होतं. मालकांनी मला जन्मात शाबासकी दिली नाही, आज दिली असती.

पण ठकू, बरं वाटलं नाही. पत्र वाचून ताटावरून उठले. त्याला भरवलं मी, शाळेत घातलं मी, त्याच्या आजारपणात उशाशी बसले मी. आणि त्याला माझ्यात आईचं काही दिसत नाही. ओठाच्या कोपऱ्यातलं तेवढंसं पुसलं, तर त्यात मी सगळीच गेले. माझा हात इतका चांगला चालेल असं मला वाटलं नव्हतं. त्याला सांगू नकोस. आता तर मुळीच नको.

तो जे बोलला ते तू गोड करून लिहिलं नाहीस. लाज कशाची वाटून घेतेस? शिकलीस. रडायचं मात्र पुरे कर, डोळे सुजले की फोकस चुकतो.

मला त्या फोटोची एक प्रत पाठव. माझ्याकडे माझा एकही फोटो नाही. चौकट मी इथे करून घेईन, तुझ्या त्या सरांना शोभेल असली काळी पट्टी नको. बापाला म्हणावं, जानेवारीत चार दिवस राहायला येते. बैठकीत माझ्यासाठी त्या फोटोखालची खुर्ची ठेवा. वारा लागला तर लागू दे.

तुझी,
आत्या