कुंदाताईचे अकरा धडे

प्रिय कुंदाताई,

जय भीम.

आपल्या वॉर्डावर मोठी आपत्ती कोसळली आहे. नर्सेसच्या खोलीतली किटली गेली! तिच्या जागी गरम पाण्याचं स्मार्ट मशीन आलंय. चहाला पाणी हवं तर आधी फोनवर त्याचं ॲप घ्या, खातं उघडा, आणि मग पाण्याबद्दल आपलं मत नोंदवा. मी नोंदवलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण पाच महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाला कुणी किटलीसाठी पत्र लिहीत नाही. लिहितेय ते सोमवारच्या मीटिंगमुळे. पेशंटच्या नोंदींची कॉम्प्युटर सिस्टिम पुन्हा बदलतेय, म्हणजे पुन्हा ट्रेनिंग. मॅनेजर हसत म्हणाली, "सीरियसली घ्या. शंभर टक्के मिळवूनही काय होतं, ते आपण कुंदाच्या वेळी पाहिलंय." दोघीतिघी हसल्या.

आणि मी? एरवी कुणाला सोडत नाही, ती मी नखं बघत बसले.

कारण ते शंभर टक्के माझे होते.

आठवतं? टेक्सासातल्या या प्लेनोतलं तुझं स्वयंपाकघर, टेबलावर लॅपटॉप. तेव्हाच्या नव्या सिस्टिमचे अकरा ऑनलाइन धडे, तेही ड्यूटी संपल्यावर, घरी बसून, फुकट! व्हिडिओत तो कडक इस्त्रीचा माणूस. जन्मात कुणाचं बेडपॅन उचललं नसेल, आणि तो तुला पेशंटची काळजी शिकवणार!

तू विचारत होतीस, "वैजू, थांब ना जरा. लिहिलेलं सेव्ह झालं, हे कळतं कशावरून?"

"ताई, तू भरिताचं बघ. मी उरकते पटापट. नुसतं नाटक असतं गं हे."

मी क्लिक करत गेले, तू वाढत गेलीस. अकराही धड्यांपुढे तुझं नाव: पास. ही आपली मदत! शिकवायचं नाही, करून टाकायचं.

तुला जे येत होतं, ते कुठल्या धड्यात होतं गं? पेशंटने ट्रेमधली गोड जेली, तो जेलो, तसाच ठेवला, की ट्रे उचलण्याआधी तू त्याच्या पोटावर हात ठेवायचीस. स्क्रीनवर त्यासाठी चौकोन नाही. चौकोन नाही, म्हणजे ती अक्कलच नाही!

मग तो दिवस. रक्तदाबाची गोळी तू वेळेवर दिलीस, नोंदही टाइप केलीस. जुन्या सिस्टिममध्ये तेवढं पुरायचं. नव्यात शेवटी सहीचं बटण दाबावं लागतं. ते राहिलं. पुढच्या शिफ्टच्या नर्सला स्क्रीनवर दिसलं, गोळी दिलेलीच नाही. ती दुसरी गोळी घेऊन निघाली. तू घरी जायला जॅकेट चढवत होतीस, ते अर्धवट टाकून ओरडत धावलीस. थांबवलंस तूच, आणि मेमो मिळाला तुलाच: 'प्रशिक्षण पूर्ण असूनही निष्काळजीपणा.' वॉर्डातून काढून तुला खाली स्टोअररूममध्ये खोकी लावायला बसवलं.

तेव्हा तरी माझं नाव का नाही घेतलंस? म्हणे, "तुझी पोरं अजून कॉलेजात आहेत." कुणी मागितला होता हा मोठेपणा? चार शिव्या घातल्या असत्यास, तर मी कबुली तरी दिली असती.

नाही, हेही खोटं. नसती दिली. जीभ तिखट, पण नोकरीला भ्यायलेली.

तुझं हृदय स्टोअररूममुळे बंद पडलं नाही, एवढं मलाही कळतं. पण कागदावर तू निष्काळजी नर्स म्हणून गेलीस, आणि ते माझ्यामुळे. त्यांच्यामुळेही! ज्यांनी शिकवायला वेळ दिला नाही आणि शिक्षेला मात्र ताबडतोब वेळ काढला.

आज दुपारी मॅनेजरच्या टेबलावर एक कागद ठेवला. चारच ओळी, एकही टोमणा नाही. धडे मी केले. कुंदाला कुणीच शिकवलं नव्हतं. मेमो मागे घ्या. हा कागद तिच्या फाइलला लावा.

तिने वाचलं. "परिणाम माहीत आहेत ना तुला?"

"आहेत," म्हटलं, आणि खाली सही केली.

ताई, नोकरी राहिली तर या ट्रेनिंगला जिला जमत नसेल तिच्या शेजारी बसेन. माऊस तिच्या हातात, माझे हात मांडीखाली दाबलेले. तिला कितीही वेळ लागो. शब्द देते.

तुझी,
वैजू