उणे चारचा वर्ग

११ सप्टें. ९५, सोम.
नववीवर तिसरा तास. घातांक. फळ्यावर नेहमीचं उदाहरण: −४² + १०. उणे चारचा वर्ग सोळा, अधिक दहा, सव्वीस. दरवर्षी हेच देतो.
शाळा सुटल्यावर स्वामी बाई आल्या. यंदाच रुजू झाल्यात, भिंतीपलीकडे आठवी घेतात. "सर, रागावणार नसाल तर एक विचारते." कागदावर लिहिलं: १० − ४². मी म्हणालो, दहातून सोळा गेले, उणे सहा. मग त्यांनी तीच दोन पदं जागा बदलून लिहिली: −४² + १०. "आता सव्वीस कसे, सर?"
बघतो म्हणालो. चहा न घेताच घरी आलो. राग आला होता, खोटं कशाला लिहू.

१२ सप्टें.
बाईंचंच बरोबर. घात फक्त चारला चिकटलाय, उणे बाहेर उभं आहे. आधी वर्ग, मग चिन्ह. म्हणजे उणे सोळाच. उण्यासकट वर्ग हवा असेल तर कंस लागतो: (−४)². पण तोंडानं दोन्हीला आपण 'उणे चारचा वर्ग'च म्हणतो. बोलण्यात कंस ऐकू येत नाही. आणि मी एकतीस वर्षं तोंडानंच शिकवत आलो, पोरांकडून घोकून घेत.
एका पोरीला मात्र... कमल. सात वर्षं झाली.

१३ सप्टें.
शाळेच्या कपाटातून ८८ सालचं निकालपत्रक काढलं. कमल, इ. नववी, गणित ३४. लाल शाई. एका गुणानं नापास. वार्षिकला हेच उदाहरण होतं, दोन गुणांचं. तिनं उणे सहा लिहिलं, मी फुली मारली.
पेपर दाखवले त्या दिवशी टेबलापाशी आली होती. "सर, हितं कंस न्हाई. मग उणे कावून जाईल?" मी म्हणालो, लई शहाणी झालीस का. तासभर व्हरांड्यात उभी केली.
तेव्हाचे मुख्याध्यापक एक गुण वाढवा म्हणत होते. चूक ती चूक, असं म्हणालो मी. वर मान ताठ. बापानं त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून टाकलं.

१५ सप्टें.
नववीला सांगितलं: सोमवारचं खोडा, मी चुकीचं शिकवलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.
पुढं केवल मूल्य सुरू केलं. शून्यापासूनचं अंतर. उजवीकडं का डावीकडं, ते विचारायचं नाही.

१७ सप्टें., रवि.
मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि त्याच पांढऱ्या कपड्यांत सायकल काढली. शिपायाकडून कळलं, कमल दिंद्रुडच्या अलीकडं एका वस्तीवर दिलीय. नवरा-बायको ऊसतोडीला जातात.
तेलगाव फाट्यावर एसटीडीच्या टपरीपाशी थांबलो. जाऊन सांगणार काय? सात वर्षांनी उत्तर तपासून आणलंय म्हणून? मागं फिरलो. अकरा कि.मी. गेलो, अकरा आलो. केवल मूल्यं घेतली तर बेरीज बावीस. दिशा धरली तर मी आज कुठंच गेलो नाही.
भित्रा आहे मी. पोरांवर डाफरायला तेवढा शूर.

१ ऑक्टो., रवि.
दसरा झाला की कमलची ऊसतोडीची टोळी निघणार, असं कळलं. आज फाटा ओलांडला.
कमल अंगणात कोयत्याला धार लावत होती. तिनं मला लगेच ओळखलं. पदर सावरून पाणी दिलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं: तुझं उत्तर बरोबर होतं, मी चुकलो होतो. हात जोडले.
तिनं काडी उचलून मातीत लिहिलं: −४² + १०. न अडखळता.
"हेच ना, सर?"
"हेच."
"घरी समदे मठ्ठ म्हन्ले मला. मला बी तसंच वाटाया लागलं हुतं." मग म्हणाली, "मंग मी नववी पास का नापास?"
पास, मी म्हणालो.
"हे तुमी म्हन्ता. दाखल्यावर तर नापास लिवलंय. शाळा काय म्हन्ती?"
 तिनं कोयता पुन्हा हातात घेतला. "चैतात येऊ माघारी. तवा सांगा."
रागानं बोलली असती तर सोपं गेलं असतं. परत येताना दोनदा सायकलवरून उतरलो.

५ ऑक्टो., गुरु.
सकाळी टोळीचा ट्रक फाट्यावरून गेला म्हणे.
मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. म्हणाले, "निकाल असा फिरत नसतो, सर. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमचं. कशाला चौकशी मागं लावून घेता?" काळजीनंच म्हणाले. कपाटाची किल्ली टेबलावर विसरून जेवायला गेले. का मुद्दाम ठेवली, कोण जाणे.
निकालपत्रक पुढ्यात आहे. ३४. अक्षर माझंच. आकड्यावर खाडाखोड चालत नाही, ती मी करणारही नाही. पण शेजारी शेऱ्याचा रकाना आहे, आणि तो सात वर्षं कोरा आहे.
पेनात शाई भरून आणली आहे. चैत्राला सहा महिने आहेत. मुख्याध्यापक अर्ध्या तासात येतील.