माळावरच्या लाल पट्ट्या

कडाव,
ता. २० ऑक्टोबर १९८२

चि. श्रीपत यास वहिनीचा जयभीम. वि. वि.

तुझे दादा ओट्यावर बसून विळ्यांना धार लावत होते आणि मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते. शेळीचं दूध काढून झालं होतं, हंडा भरला होता, सुकटीची चटणी तेवढी फडक्यात बांधायची राहिली होती. आज पहाटे स्वप्नातल्या त्या धारेच्या आवाजानं जाग आली. दार उघडलं तर ओटा रिकामा. विळे खुंटीला होते, तिथंच होते. दादांना जाऊन दोन वर्षं झाली तरी कानांना अजून पटलेलं नाही. मग चूल पेटवली.

माळावर गवत यंदा कमरेएवढं आहे. गवत न्यायला तबेल्याचा ट्रक तेरा नोव्हेंबरला येणार आहे. कापणाऱ्या बायका मात्र तुमच्या हायवेवरच्या कारखान्यांत गेल्या. पुतळाबाई आणि धोंडूबाई पेंढ्या बांधायला येतील, पण वाकून कापणं त्यांच्याच्यानं होत नाही आणि माझ्या उजव्या गुडघ्याच्यानंही नाही. गेल्या वर्षी अर्धं गवत उभंच वाळलं. तेव्हा आपलं ठरलं होतं ते माझ्या ध्यानात आहे. यंदाही गवत उतरलं नाही, तर माळ त्या कर्जतच्या गृहस्थांना विकायचा आणि मी तुझ्याकडं कुंभिवलीला यायचं. मी शब्द फिरवणार नाही. पण तू काही सुचवशील म्हणून लिहिलं.

शकूला आणि मुलांना आठवण सांग. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी वहिनी
चंद्रभागा


कुंभिवली,
ता. २७ ऑक्टोबर १९८२

ती. वहिनीस श्रीपतचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून शकू म्हणाली की वहिनींना इथं आणलं तर त्या आठ दिवसांत आपल्यालाच शिस्त लावतील, त्यापेक्षा गवत कापायचंच बघा. म्हणून बघितलं. आमच्या मालकांनी एका कारखान्याच्या आवारातला जुना लहान ट्रॅक्टर घेतला आहे. बैलाएवढाच असेल. त्याच्या बाजूला कापणीचं लांब, दातेरी पातं आहे. तो पंधरा दिवस नेऊ देतो म्हणाले. रविवारी, सात तारखेला घेऊन येतो. मला सुट्टी एकच दिवस, तेव्हा चालवायचा तूच. हसू नकोस. क्लच डाव्या पायाचा आहे, वेग हातानं ठरवायचा. उजवा गुडघा बसून राहील. तुझं कासोट्याचं लुगडं तर त्या सीटसाठीच केल्यासारखं आहे.

भीती एकच, दगडांची. गवतात दगड दिसत नाही आणि पात्याला तो सोसत नाही. दगडाळ होता म्हणूनच तर तो माळ दादाला रेल्वेच्या पगारात घेता आला. रुळावर काम चाललं की दादा त्या जागेच्या अलीकडं लाल फडकं लावायचा, तसं तू प्रत्येक दगडापाशी काठी रोवून लाल फडकं बांध. दगड तुझ्याएवढे आता कुणाला ठाऊक नाहीत.

तुझ्या हातच्या सुकटीवर डोळा आहे. रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझा
श्रीपत


कडाव,
ता. ९ नोव्हेंबर १९८२, मंगळवार

चि. श्रीपत यास जयभीम. वि. वि.

हे पत्र टेंपोवाल्या लडकूच्या हाती देते आहे, पोस्टानं उशीर होईल.

रविवारी तू माळावर आलास, लाल पट्ट्या बघितल्यास आणि ट्रॅक्टरचं पाणी तपासायला म्हणून वळलास. पाणी तर तू घरीच भरलं होतंस. तू विचारलं नाहीस म्हणून सांगते, होय, ते दादांचं मुंडासंच. दोन वर्षं ट्रंकेत ठेवून कुणाला काय झालं? फाडताना मात्र हात थांबत होता. सारं फाडून एक पट्टी ठेवली.

सोमवारी दिवसभर एकटीनं कापलं. तू सांगितलंस तसं दव सुकेपर्यंत थांबले, कडेकडेनं फेरे घेतले, वळताना पातं उचललं. गवत असं आडवं होत जातं की बघत राहावं. आम्ही सगळे मिळून चार दिवसांत कापायचो तेवढं दुपारपर्यंत झालं आणि कंबर दुखली नाही. दादांना हे बसून कापणं मिळालं नाही, एवढंच सारखं मनात येत होतं. धोंडूबाई बांधावरून ओरडून म्हणाली की वैनी, आता तुमी इंजिन घेऊन थेट घाट चढा, आमी मागं डब्यात बसतो. पुतळाबाई म्हणाली, आदी पेंढ्या बांध गं, मग बस डब्यात.

आज सकाळी घात झाला. मधल्या भागात पातं दगडावर गेलं, तीन दात तुटले, पात्याची पट्टी वाकली. तिथं लाल फडकं नव्हतं. मी सारा माळ दोनदा चालले होते, हा दगड कसा राहिला मला कळत नाही. निम्मा माळ उभा आहे आणि ट्रक शनिवारी येतो.

तेव्हा ठरल्याप्रमाणे करू. शकूला म्हणावं, कोपरा रिकामा कर. माझं सामान थोडं आहे, पुस्तकांची पेटी तेवढी जड. मालकांना माझ्या वतीनं माफी माग.

तुझी
वहिनी


कुंभिवली,
ता. १० नोव्हेंबर १९८२

ती. वहिनीस जयभीम. वि. वि.

पात्याची दात बसवलेली दुसरी पट्टी लडकूबरोबर पाठवतो आहे. ती बसवायला त्याला शिकवलं आहे. मालक म्हणाले की पाती तुटायलाच असतात, बाई नीट आहेत ना ते विचार. नीट आहेस ना?

एक विचारतो. मधल्या भागात म्हणजे पळसापाशी का? तो बसका, वरून सपाट दगड? रविवारी मीही त्याच्या शेजारून गेलो आणि मलाही तो दिसला नाही. लहानपणी मी तुम्हा दोघांच्या मधे तिथं बसून भाकरी खाल्ली आहे.

पट्टी बसली तरी कापायचं की नाही ते तू ठरव. कोपरा शकूनं रिकामा केलेला नाही. पुस्तकांच्या पेटीला घरात जागाच नाही म्हणते. खोटं बोलते.

जीव जप. मग बाकीचं.

तुझा
श्रीपत


कडाव,
ता. १४ नोव्हेंबर १९८२

चि. श्रीपत यास जयभीम. वि. वि.

काल ट्रक भरून गेला. वर दोरी आवळायला दोन माणसं चढली होती. धोंडूबाईनं ट्रकला हात जोडले, का ते तिलाच ठाऊक. कर्जतच्या गृहस्थांना निरोप पाठवला आहे की माळ द्यायचा नाही. ट्रॅक्टर धुऊन ठेवला आहे, पुढच्या रविवारी ने. पुढल्या वर्षी मालक भाड्यानं देतील का, विचारून ठेव.

दगड तोच, पळसापाशी होता तोच. काठ्या रोवताना मी त्याच्यावर टेकले होते रे. पट्ट्या मांडीवर घेऊन तिथंच बसून सुट्या केल्या. फडकं दगडांना लावायचं होतं. ती तर आमची बसायची जागा होती, तिला दगड कोण म्हणेल?

मुलांना पापे. शकूला सांग की खोटं बोलली ते बरं केलं. घरच्यासारखा लोभ आहेच, त्यात तुम्ही उभयतांनी खंड पडू देऊ नये.

तुझी वहिनी
चंद्रभागा

ता. क. बुधवारी लडकू पात्याची पट्टी बसवून गेला, तुझं पत्र देऊन गेला. मी ते वाचलं आणि ट्रंक उघडली. दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर मुंडाशाची ठेवलेली पट्टी पळसापाशी काठीला बांधली, ट्रॅक्टरवर बसले आणि उरलेला माळ कापला.